दरबारच्या पंक्तीतून उठलेले संगीतकार

व्हिएन्ना शहरात १७८१ सालच्या जून महिन्याच्या ८ तारखेला एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या धन्याच्या कारभाऱ्याने लाथ मारून बाहेरच्या दालनातून घालवून दिले. तरुण नोकरीचा राजीनामा घेऊन आला होता. त्याचे नाव वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट. धनी म्हणजे साल्झबुर्गचे आर्चबिशप कोलोरेडो. धर्मपीठही त्यांचे आणि राज्यही त्यांचेच. लाथ मारली ती काउंट आर्को नावाच्या सरदाराने. ही हकीकत दुसऱ्या कोणी रचलेली नाही. मोझार्टनेच घरी वडिलांना लिहिलेल्या पत्रात ती कळविली आहे. पत्र वाचून वडील किती हादरले असतील, याची कल्पना मुलाबाळांच्या पोटापाण्याची काळजी वाहणाऱ्या कोणत्याही गृहस्थाला सहज करता येईल. कारण लिओपोल्ड मोझार्ट हे स्वतः त्याच आर्चबिशपांच्या पदरी होते.

मोझार्टच्या संगीताविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला येथे सांगायचे आहे ते त्याच्या मीठभाकरीविषयी. चाकरी न करता, केवळ स्वतः रचलेल्या संगीताच्या जोरावर संसार चालविता येतो काय, हा प्रश्न त्या लाथेबरोबर उभा राहिला. आणि त्याचे उत्तर शोधण्यात युरोपातील तीन थोर संगीतकारांचे आयुष्य गेले.

त्या काळची रीत आधी ध्यानात घेतली पाहिजे. संगीतकार हा राजाच्या, सरदाराच्या किंवा चर्चच्या पदरचा माणूस असे. आपल्या संस्थानांतून जसे मुदपाकखाना, पागा, फरासखाना, तसा तिकडे वाद्यवृंद असे. योझेफ हायडन १७६१ साली एस्टरहाझी या हंगेरियन राजघराण्याच्या सेवेत शिरला, तेव्हाचा करार आजही पाहावयास मिळतो. पगार सालीना ४०० फ्लोरिन. पांढरे मोजे, केसांना पावडर आणि मागे वेणी अशा ठरावीक पोशाखात त्याने हजर राहावयाचे. रोज सकाळी व दुपारी बाहेरच्या दालनात उभे राहून 'आज महाराजांना संगीत ऐकावयाचे आहे काय' असे विचारावयाचे. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम हे, की तो जे जे रचील ते ते महाराजांच्या मालकीचे. त्याची नक्कल बाहेर कोणाला द्यावयाची नाही, आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी काही रचावयाचेही नाही.

हायडनने या करारात जवळजवळ तीस वर्षे काढली आणि तीही समाधानाने. पदरी उत्तम वाद्यवृंद होता, ऐकणारा राजा जाणकार होता. १७७२ साली वादकांना फार दिवस घरी जाऊ दिले गेले नाही, तेव्हा त्याने एक सिंफनी रचली. तिच्या शेवटी एकेक वादक वाजविणे थांबवून निघून जातो. महाराजांनी मर्म ओळखले आणि मंडळींना घरी धाडले. चाकरीतही माणुसकी असते, एवढे हायडनच्या चरित्रावरून दिसते. पण ती धन्याच्या मर्जीवर असते, आणि मोझार्टच्या वाट्याला आलेला धनी तसा नव्हता.

मोझार्टला १७७२ साली सालीना १५० फ्लोरिन मिळत. १७७७ साली तो नोकरी सोडून आईबरोबर पॅरिसला गेला. तेथे नोकरी मिळाली नाही, आणि १७७८ च्या जुलैत आई मात्र परमुलुखात वारली. प्रवासापायी वडिलांच्या डोक्यावर कर्ज झाले. निमूटपणे परत येऊन त्याने ४५० फ्लोरिनवर दरबारी ऑर्गनवादकाची जागा पत्करली. १७८१ च्या आरंभी म्यूनिकला त्याचा 'इडोमेनेओ' हा ऑपेरा रंगभूमीवर आला, आणि पाठोपाठ मार्चमध्ये आर्चबिशपांनी त्याला व्हिएन्नाला बोलावून घेतले. तेथे जेवणाच्या पंक्तीत त्याची जागा कोठे होती, हे त्याने वडिलांना कळविले आहे. वरच्या टोकाला धन्याचे दोन खासगी नोकर, मग हा, आणि याच्या खाली आचारी. आचाऱ्यांच्या वर बसण्याचा मान तरी मिळाला, असे तो उपहासाने लिहितो. ज्याने सहाव्या वर्षी सम्राज्ञी मारिया टेरेसापुढे वाजविले, त्याच्या जिव्हारी ही पंक्ती लागली असल्यास नवल नाही. त्यातच एका सरदारकन्येच्या वाड्यात खुद्द सम्राटांपुढे वाजविण्याची संधी धन्याने परवानगी नाकारल्यामुळे हुकली. आणि ज्यांनी तेथे गाइले वाजविले त्यांना प्रत्येकी ५० डुकाट मिळाले. एक डुकाट म्हणजे साधारण साडेचार फ्लोरिन. म्हणजे एका संध्याकाळची बिदागी साल्झबुर्गच्या सहा महिन्यांच्या पगाराइतकी!

लाथ मारणारा काउंट आर्को त्याआधी एक शहाणपणाची गोष्ट बोलला होता. व्हिएन्नाच्या लोकांची आवड फार दिवस टिकत नाही; आरंभी वाहवा होते, पैसाही मिळतो, पण काही महिन्यांनी त्यांना नवे काहीतरी हवे होते, अशी ती सूचना. मोझार्टने ती उडवून लावली. ती वाचकांनी मात्र ध्यानात ठेवावी.

आता हा बिनचाकरीचा संगीतकार जगला कसा? त्याच्या कमाईच्या चार वाटा होत्या.

पहिली वाट शिकवणीची. बारा धड्यांचे सहा डुकाट असा त्याचा दर होता. पण श्रीमंतांच्या मुली आज हवापालटाला, उद्या मेजवानीला; आठवडेच्या आठवडे धडा होत नसे आणि पैसेही बुडत. तेव्हा १७८२ च्या जानेवारीत त्याने नियम केला, की धडे होवोत वा न होवोत, महिन्याचे सहा डुकाट द्यावेत. अशा तीन शिष्यिणींचे मिळून महिना १८ डुकाट होत. आजही घरोघर शिकवणी करणाऱ्या गायकवादकांना हा हिशेब नवा वाटणार नाही.

दुसरी वाट ऑपेराची. 'सेराल्योमधून सुटका' हा त्याचा जर्मन ऑपेरा १६ जुलै १७८२ रोजी व्हिएन्नात लागला आणि अतिशय गाजला. मोझार्टला त्याचे मिळाले १०० डुकाट, आणि तेही एकदाच. पुढे तो ऑपेरा गावोगाव झाला, नाटकगृहे भरली. रचणाऱ्याच्या हाती त्यातले काही आले नाही, कारण तसा कायदाच नव्हता. पहिला प्रयोग होऊन चार दिवस झाले नाहीत तो वडिलांना लिहितो, की आठ दिवसांत या ऑपेराचे सूर फुंकवाद्यांसाठी बसविले पाहिजेत. नाहीतर दुसरा कोणी ते काम आधी करील आणि नफा घेऊन जाईल. आपल्याच घरात चोर शिरण्यापूर्वी आपणच दाराशी धावावे, तशी ही धावपळ होती.

तिसरी वाट छापील स्वरलिपीची. प्रकाशक एकदा रक्कम देई आणि मग कृती त्याची. चोरून नकला करणे हा तर नकलकारांचा राजरोस जोडधंदा. म्हणून मोझार्ट महत्त्वाच्या कृतींच्या नकला स्वतःच्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत करवून घेई.

चौथी वाट जलशांची, आणि तीच खरी राजमार्गासारखी होती. लेंटच्या म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत नाटकगृहे बंद असत. त्या फटीत संगीतकार स्वतः दालन भाड्याने घेऊन वर्गणीचे जलसे करीत. १७८४ च्या मार्चमध्ये मोझार्टने तीन जलसे केले. तीन जलशांची मिळून वर्गणी ६ फ्लोरिन. २० मार्चच्या पत्रासोबत त्याने वडिलांना वर्गणीदारांची यादीच पाठविली. तीत १७४ नावे आहेत. राजेरजवाडे, वकील, बँकवाले, सगळे आहेत. मुलाच्या उनाडपणाला भ्यालेल्या बापापुढे मुलाने ठेवलेला हा जमाखर्चच होय. तीन संध्याकाळींत एक हजारावर फ्लोरिन जमा झाले. खर्च वजा जाता उरलेलेही साल्झबुर्गच्या वर्षभराच्या पगारापुढे थोडे नव्हते.

पुढच्या वर्षी, १७८५ च्या फेब्रुवारीत, लिओपोल्ड स्वतः मुलाचा संसार पाहावयास व्हिएन्नाला आले. कॅथेड्रलजवळच्या प्रशस्त बिऱ्हाडाचे भाडे वर्षाला ४६० फ्लोरिन, म्हणजे साल्झबुर्गच्या पगारापेक्षाही अधिक. घरी हायडन आला, मोझार्टची नवी चौवादने वाजविली गेली, आणि हायडनने लिओपोल्डला देवाच्या साक्षीने सांगितले, की तुमच्या मुलाहून थोर रचनाकार माझ्या ऐकिवात नाही. १० मार्चच्या एकाच जलशाचे उत्पन्न ५५९ फ्लोरिन आल्याचे लिओपोल्डने मुलीला कळविले आहे. सुनेशी त्यांचे फारसे जमले नाही. पण त्या दिवसांत तरी आपला मुलगा चुकला नाही, असे त्यांना वाटले असावे.

मात्र आर्कोची गोष्ट खरी ठरावयाची होती. १७८८ साली ऑस्ट्रिया तुर्कांशी युद्धात उतरला. सरदार मंडळी लष्करावर किंवा आपापल्या जहागिरीत गेली, पैसा आखडला, जलशांचा हंगाम मोडला. १७८९ च्या उन्हाळ्यात मोझार्टने पुन्हा वर्गणीची यादी फिरविली, तेव्हा तिच्यावर एकच नाव पडले: बॅरन फान स्वीटेन. पाच वर्षांपूर्वी १७४, आता १! पत्नी कॉन्स्टान्झे आजारी, मुले जन्मून दगावत होती. मिखाएल पुखबेर्ग या व्यापारी मित्राला त्याने उसनवारीसाठी लिहिलेली वीसेक पत्रे राहिली आहेत. ती वाचताना मन विषण्ण होते. १७८७ च्या डिसेंबरपासून सम्राटांकडून सालीना ८०० फ्लोरिन मिळू लागले होते, हे खरे. पण त्याच्या आधी ग्लुकला दरबारातून २,००० मिळत असत.

तरीही मोझार्ट कफल्लक होऊन मेला, ही लोकप्रिय समजूत पुरती खरी नाही. १७९१ साल त्याला पुन्हा बरे चालले होते. ३० सप्टेंबरला व्हिएन्नाच्या उपनगरातील एका नाटकगृहात 'जादूची बासरी' लागली आणि सामान्य प्रेक्षकांनी ते उचलून धरले. हंगेरीतील काही सरदार मिळून वर्षाला १,००० फ्लोरिन द्यावयास तयार झाले होते आणि आम्स्टरडॅमहूनही बोलावणे होते, असे कॉन्स्टान्झेने नंतर पेन्शनीच्या अर्जात लिहिले आहे. पण ५ डिसेंबर १७९१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. वाट बरोबर होती. चालणाऱ्याला वेळ पुरला नाही.

दैवाचा योग असा, की ज्या वर्षी हा स्वतंत्र संगीतकार मावळला, त्याच वर्षी जन्मभर चाकरी केलेल्या हायडनला बाजाराने डोक्यावर घेतले. त्याचा धनी १७९० साली वारला, नव्या धन्याने वाद्यवृंद मोडला, आणि हायडन पेन्शनीसह मोकळा झाला. सालोमोन नावाचा लंडनचा व्हायोलिनवादक व जलसेवाला त्याच्या दारात येऊन उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा हायडन निघाला आणि १७९१ च्या वर्षप्रतिपदेला इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्यासाठी मे महिन्यात केलेल्या जलशात २०० पौंडांची हमी होती, आले ३५०. दुसऱ्या फेरीत, १७९५ च्या मे महिन्यात, एका रात्रीत ४,००० गुल्डन मिळाले आणि त्याने आपल्या वहीत नोंदले, की असे इंग्लंडातच घडू शकते. यातले मर्म उघड आहे. व्हिएन्नात ऐकणारे ते सरदार; ते उठून गेले की दालन रिकामे. लंडनात व्यापारी, वकील, डॉक्टर तिकीट काढून येत होते. संगीतकाराचे स्वातंत्र्य अशा श्रोत्यांवाचून उभे राहत नाही.

हा धडा ज्याने पुरता गिरविला तो बीथोव्हेन. जन्म १७७० सालचा, गाव बॉन. १७९२ च्या नोव्हेंबरात तो हायडनकडे शिकावयास व्हिएन्नाला आला. १७९४ साली फ्रेंच फौजा ऱ्हाइनकाठी आल्या, बॉनचा दरबार उठला आणि परतीची वाटच संपली. दुसऱ्या वर्षी त्याने आपली पहिली क्रमांकित कृती, पियानो, व्हायोलिन व चेलोची तीन त्रिवादने, वर्गणी गोळा करून छापविली. १२३ वर्गणीदारांनी २४१ प्रती घेतल्या. पुढे प्रिन्स लिखनोव्स्कीने १८०० सालापासून सालीना ६०० फ्लोरिन बांधून दिले. १८०१ च्या जूनमध्ये तो बालमित्राला लिहितो, की एकेका कृतीला सहासात प्रकाशक तयार आहेत. आता घासाघीस होत नाही, मी मागतो आणि ते देतात. त्याच पत्रात खाली त्याने आपल्याला ऐकू येईनासे झाल्याचे गुपित सांगितले आहे. पियानोवादनावरची कमाई आता फार दिवसांची नाही, हे त्याला कळून चुकले होते; उरली ती लेखणी.

आणि लेखणीचा व्यवहार त्याला मनापासून आवडत नव्हता. जगात कलेची एक वखार असावी, कलावंताने आपली कृती तेथे नेऊन ठेवावी आणि गरजेपुरते घ्यावे. आज मात्र अर्धे व्यापारी व्हावे लागते, अशी तक्रार त्याने एका प्रकाशकाजवळच केली आहे. पण व्यापार करावयाचा तर तो त्याने चोख केला. एकच कृती निरनिराळ्या देशांतील प्रकाशकांना निरनिराळी विकावी, म्हणजे चोर येण्याआधी सगळीकडे आपलाच माल पोचतो, ही त्याची रीत. १८०७ साली लंडनच्या क्लेमेंटीशी झालेल्या करारात काही मोठ्या कृतींचे नुसते ब्रिटिश हक्क २०० पौंडांना गेले. युद्धामुळे पैसे हाती यावयास मात्र तीन वर्षे लागली.

१८०८ साली नेपोलियनच्या भावाने, जेरोमने, त्याला कासेलच्या दरबारी ६०० डुकाटांची नोकरी देऊ केली. बीथोव्हेन जाणार म्हटल्यावर व्हिएन्नाचे तीन धनिक पुढे आले. १ मार्च १८०९ चा तो लेख संगीताच्या इतिहासात अपूर्व आहे. आर्चड्यूक रुडॉल्फ १,५००, प्रिन्स लोबकोवित्स ७०० आणि प्रिन्स किन्स्की १,८००, असे मिळून सालीना ४,००० फ्लोरिन. अट एवढीच, की त्याने ऑस्ट्रियाच्या मुलखात राहावे. हजेरी नाही, पोशाख नाही, अमुक रच अशी आज्ञा नाही. हायडनच्या १७६१ च्या कराराशेजारी हा कागद ठेवून पाहावा. अठ्ठेचाळीस वर्षांत संगीतकार पंक्तीतल्या कोठल्या पाटावर जाऊन बसला ते दिसेल. योगायोग असा, की हायडन त्याच साली मे महिन्याच्या अखेरीस वारला.

अर्थात लक्ष्मी कागदावर ठरत नाही. १८११ साली ऑस्ट्रियन सरकारने कागदी चलनाची किंमत एक पंचमांश केली. १८१२ साली किन्स्की घोड्यावरून पडून वारला, लोबकोवित्सचे दिवाळे निघाले. बीथोव्हेनला कज्जे करावे लागले. १८१५ साली तडजोड होऊन वर्षाला ३,४०० फ्लोरिन नव्या चलनात मिळू लागले. १८२४ च्या मे महिन्यात नववी सिंफनी प्रथम वाजविली गेली, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पण २,२०० फ्लोरिनच्या जमेतून खर्च वजा जाता हाती ४२० उरले. मृत्युशय्येवर असताना लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १०० पौंड धाडले. आणि २६ मार्च १८२७ ला तो गेल्यावर, पुतण्यासाठी जपून ठेवलेले बँकेचे सात शेअर कपाटात सापडले. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले.

एक उणीव या तिघांच्याही आयुष्यात राहिली: कृती पुन्हापुन्हा वाजविली गेली तरी रचणाऱ्याला काही मिळत नसे. ती दूर होण्यास एक मौजेचा प्रसंग कारण झाला. १८४७ साली पॅरिसच्या एका काफेत बूर्जे नावाचा कवी आणि त्याचे संगीतकार मित्र बसले होते, आणि तेथे त्यांचीच गाणी चालू होती. खाण्यापिण्याचे बिल आले तेव्हा त्यांनी ते देण्याचे नाकारले. आमच्या गाण्याचे तुम्ही देत नाही, मग तुमच्या पेयाचे आम्ही का द्यावे, असा त्यांचा सवाल. प्रकरण कोर्टात गेले, संगीतकार जिंकले, आणि १८५१ साली पॅरिसमध्ये वादनाचे मानधन गोळा करून रचनाकारांना पोचविणारी पहिली संस्था निघाली.

आपल्याकडे हीच वाट निराळ्या अंगाने चालली गेली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ साली मिरज संस्थानचा आश्रय सोडून निघाले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी लोकांच्या पैशावर चालणारे गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या दिवाणखान्यातले गाणे त्यांनी तिकीट काढून येणाऱ्या गृहस्थांपुढे आणले. त्यांनाही कर्जाने ग्रासले, मुंबईतील शाळेची इमारत हातची गेली. पण गवयाला आणि गाण्याला त्यांनी मिळवून दिलेली प्रतिष्ठा गेली नाही. कायद्याच्या बाजूने पाहिले तर १९५७ चा कॉपीराइट कायदा झाला, १९६९ साली रचनाकारांचे मानधन गोळा करणारी संस्था निघाली. परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीतावर सामान्यतः निर्मात्याचा हक्क मानला. म्हणजे एस्टरहाझीचे ते जुने कलम नव्या पोशाखात परत आले! २०१२ साली कायदा सुधारला गेला, आणि चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले तर त्याच्या उत्पन्नात कवी व संगीतकार यांचा वाटा राहील, तो करारातही लिहून घेता येणार नाही, असे ठरले.

आता आर्को आणि मोझार्ट यांच्या वादाचा निवाडा करता येईल. लोकांची आवड पालटते, हे आर्कोचे म्हणणे खरे होते. पण धन्याची मर्जीही पालटते, हे तो विसरला. तिची लहर एका माणसाची असते, आणि ती फिरली की दुसरे दार उरत नाही. मोझार्टने चार वाटा धरल्या, तरी त्या चारही व्हिएन्नाच्या त्याच सरदार वस्तीतून जात होत्या, म्हणून एका युद्धाने त्या बंद पडल्या. बीथोव्हेनने प्रकाशक अनेक देशांत ठेवले, आश्रयदाते तीन ठेवले, आणि थोडी शिल्लक बँकेत टाकली. एक बाजू खचली तर दुसरी सावरीत असे. स्वतंत्र संगीतकारही शेवटी अनेकांचा बांधील असतोच. त्यांतला कोणी एक त्याला लाथ मारून घालवू शकत नाही, एवढाच त्याच्या स्वातंत्र्याचा अर्थ, आणि तो थोडा नाही.

या दिवाळीत फराळाला बसताना घरोघर गाणी लागतील. गाणाऱ्याचे नाव मुलांना पाठ असते. चाल कोणी बांधली, हेही एकदा त्यांना विचारावे, आणि ठाऊक नसेल तर सांगावे. जवळपास कोठे नव्या संगीतकाराचा कार्यक्रम असेल तर पास न मागता तिकीट काढून जावे. व्हिएन्नाच्या त्या यादीवर १७४ नावे होती, तोपर्यंत मोझार्टचे घर नीट चालले होते.